तुळशीची वीत

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कुणाला कापड मापून हवं असलं की ते तुळशीकडे यायचं. गज आणि फूट दुकानदाराकडे. वाड्यात चालायची ती तुळशीची डावी वीत. चोळीचा खण असो की शिडाला लावायचं ठिगळ, ती हात पसरायची, अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला, आणि उजव्या हाताने कात्री चालवायची. आजवर कुणाची चोळी काखेत उसवली नव्हती. तिला याचा थोडा ताठाही होता, आणि तो कुणी बोलून दाखवला तर ती खोटं खोटं रागवायची.

म्हणून रतनच्या गोधडीचे चौकोन जुळेनात तेव्हा तुळशीने आधी कात्रीला शिव्या घातल्या.

रतन तिची एकुलती लेक. थळला दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. लेकीचं पहिलं बाळ ज्या गोधडीवर निजवायचं ती जुन्या लुगड्यांची करायची, आणि लुगडीही पाच घरांतली, ज्या घरांत पोरं जगली-वाढली अशा घरांतली. श्रावणात रतनची बातमी आली तशी तुळशी दारोदार जाऊन ती मागून आली होती. एका घरी एकदाच मागायचं, परत हात पसरायचा नाही, अशी रीत. निम्मे चौकोन तिने तेव्हाच कापून टोपलीत ठेवले. मग बोटी पाण्यात गेल्या, सुकटीचे दिवस आले, आणि उरलेलं कापड राहिलं ते माघ लागेपर्यंत. परवा तिने तेही कापलं. आता दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून ती आणि तिची थोरली जाऊ केसर ते जोडत होत्या, आणि गोधडी मधोमध फुगून वर येत होती.

"गोधडी हाय का वाऱ्यावर धरलेलं शीड?" केसर म्हणाली. "पोर निजवशील नि घरंगळून चुलीत जाईल."

"कापड आटलंय, केसरबाय."

"वीस वर्षं अंगावर धुतलेलं लुगडं आता आटणार? त्याला आटायला राह्यलंय काय?"

तुळशीने शिवण उसवली. परत जोडली. एका अंगाने जुळलं तर दुसऱ्या अंगाला बोटभर कापड लोंबायला लागलं. तिने ओढून ताणून बसवलं, तर कोपरा दुमडला. तिने परत उसवलं. त्या पाच घरांतल्या ठमाबाईच्या लुगड्याचा जांभळा काठ आता या ओढाताणीने विरायला आला होता, आणि ठमाबाईकडे पुन्हा जाता येत नव्हतं.

"अगो, श्रावणातले मोठे हायत नि आताचे लहान," केसरने दोन चौकोन एकावर एक ठेवून दाखवले. "बघ की. सगळेच्या सगळे. तू कंजूषी केलीस."

"नातवंडाच्या गोधडीत कंजूषी करीन मी?"

"मग माप हाललं तुझं."

हे शब्द तुळशीला लागले. "माप हालेल दुकानदाराचं," ती म्हणाली. "माझा हात काय तागडी हाय?" आणि केसरचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून तिने श्रावणातला एक चौकोन मांडीवर पसरला आणि त्यावर आपली डावी वीत ठेवली.

अंगठा काठावर बसला. करंगळी पोचली नाही.

तिने हात ताणला. तीन बोटं सरळ झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वाकून राहिलं, जणू कुणी हाक मारली तरी ते ऐकायचंच नाही असं ठरवून बसलेलं. तिने उजव्या हाताने करंगळी दाबून सरळ केली, सोडली. ती परत वाकली.

"माणसाचा हात लहान होतो काय गो?" तुळशीने विचारलं. प्रश्न इतका वेडगळ होता की ती स्वतःच हसली.

केसर हसली नाही. ती तुळशीच्या हाताखालच्या कापडाकडे बघत होती. ठमाबाईच्या लुगड्याच्या पांढऱ्या अंगावर रक्ताचे ठिपके होते, टाक्याच्या रांगेने गेलेले, शिवण जिथवर आली होती तिथवर.

"सुई लागली तुला."

"कवा? न्हाय लागली."

केसरने जावेचा हात उलटा केला. करंगळीच्या पोटाला सुईच्या टोचणीवर टोचणी होती. काही ताजी, काही खपली धरलेली. गोधडी शिवताना खालच्या हाताला सुई लागतेच, बाई चटकन बोट तोंडात घालते आणि पुढे जाते. हे बोट तोंडात गेलंच नव्हतं. केसरने आपल्या हातातली सुई हळूच त्या करंगळीला लावली. तुळशी रस्त्याने जाणाऱ्या कोंबडीकडे बघत होती. ती तशीच बघत राहिली.

केसरच्या हातातून सुई गळाली.

केसरच्या मावशीला चौलच्या वाडीत पोफळीच्या मागे खोपटात ठेवलं होतं. भाकरी तिला काठीने सरकवायचे. लहानपणी ती काठी केसरने धरली होती, म्हणून वाकडी बोटं तिला ओळखता येत होती. तिने तुळशीच्या चोळीची बाही वर सारली. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा.

"हा केवापासून?"

"मिठाच्या पाण्याचा असेल."

"पोटात ठेवलंस होय? उद्या अलिबागला जायचं," केसर म्हणाली. ती आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली असावी, कारण आतून रतनने ओरडून विचारलं, "काकू, काय झालं गो?"

"काय न्हाय. तुझ्या आईचं माप चुकलं."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तुळशीला डोळे मिटायला सांगितले. "मी कापूस लावतो. लागला की हो म्हणा."

तुळशीने डोळे मिटले. उजव्या हाताला लागलं, ती हो म्हणाली. डाव्या अंगठ्याला लागलं, हो म्हणाली. मग डॉक्टरांना काहीतरी काम निघालं असावं, कारण बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी खोकत होतं. तिला वाटलं, माणूस तरुण आहे, घोळ घालतोय, आपणच सांभाळून घ्यावं.

"लावा की हो," ती म्हणाली. "कवा लावणार?"

मग केसरच्या नाक ओढण्याचा आवाज आला, आणि तुळशीने डोळे उघडले. कापूस डॉक्टरांच्या हातात होता, आणि हात तिच्या करंगळीवरच होता.

"लावून झालं, बाई," ते म्हणाले.

पुढचं तिने लांबून ऐकल्यासारखं ऐकलं. महारोग. पण पसरणारा नाही, हा प्रकार नसांचा आहे. गोळ्या, वर्षानुवर्षं, न चुकता. बोटं सरळ होतील की नाही, सांगता येत नाही. चुलीला जपा, भाजेल आणि कळणार नाही. तिला एकच विचारायचं होतं, आणि तेच विचारवेना. शेवटी केसरनेच विचारलं, "लेक बाळंतपणाला आली हाय. पोराला हिने घेतलं तर चालेल?"

"घेऊ द्या. काही होणार नाही."

तुळशीचा विश्वास बसला नाही. डॉक्टर चांगला होता. चांगली माणसं बरं वाटावं म्हणून काहीही बोलतात. परतीच्या एसटीत ती मागच्या बाकावर बसली, हात पदरात, आणि शेजारी जागा असून कुणाला बसू दिली नाही.

घरी येऊन ती आत गेलीच नाही. नवरा हिरामण मचव्यावर समुद्रात होता, विचारणारं कुणी नव्हतं. तिने ओट्यावरची घोंगडी, ताटली, तांब्या उचलला आणि किनाऱ्यालगत जाळी ठेवायची खोप होती तिथे नेऊन ठेवला. रतन पोट सांभाळत मागोमाग आली तेव्हा तुळशीने दारातूनच तिला सगळं सांगितलं. शब्द न गाळता. महारोग म्हणाली.

रतनचं तोंड पांढरं पडलं. ती एक पाऊल मागे सरकली.

ते पाऊल तुळशीने बघितलं. तिला राग आला नाही. रतनच्या जागी तीही सरकली असती. फक्त आपल्या आत काहीतरी खाली गेलं, नांगर टाकल्यावर दोर सुटत जातो तसं, आणि तळ काही लागेना.

"थळला जा," ती म्हणाली. "सासूला सांग, आईला ताप येतो. तिथंच बाळंत हो."

रतन वळून घराकडे गेली.

तुळशी जाळ्याच्या ढिगावर बसून राहिली. ओहोटी लागलेली. बायका वाळूवर सुकट पसरत होत्या, नेहमीसारख्या एकमेकींवर खेकसत होत्या, आणि तिला नवल वाटलं की आजही मासळी वाळतेय. तिने करंगळी दातांखाली धरली आणि चावली. चव कळली. चावलेलं कळलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा रतन आली. काखेत टोपली, मागे केसर, हातात पाट. केसरने पाट खोपीच्या दारात आपटला.

"तुझ्या लेकीला समजाव. ट्रंक बांधते म्हणून आत गेली, नि ही टोपली घेऊन बाहेर आली. मी काय सांगितलं ते ऐकलं न्हाय, डॉक्टरचं मात्र तीनदा विचारून घेतलंन माझ्याकडून."

"तीनदा का?" तुळशीने विचारलं.

"भ्यायले म्हणून," रतन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "अजून भ्याते. सरक."

"तिथंच बस. आत येऊ नकोस."

"पाटावर नीट बसता येत न्हाय मला, पोट लागतं. सरक म्हणते ना!"

ती जाळ्यावर येऊन बसली, आईपासून हातभर अंतर ठेवून. टोपलीतून तिने श्रावणातले चौकोन काढले, मोठे, आणि कात्री काढली.

"लहानाचे काय मोठे होणार न्हाय. मोठे कापून लहान करते. हात ठेव."

"माझा हात नको गो. केसरबायची वीत घे. न्हायतर लहानातलाच एक चौकोन वर ठेव नि काप."

"ते सगळे ओढून ताणून वाकडे केलेस तू. नि काकूचा हात म्हशीच्या खुराएवढा."

"माझ्या तोंडावर बोलते रांड," केसर म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला पाठ फिरवली.

"ठेव हात, आयो. आता हाय तसा."

तुळशीने हात पदरातून काढला. उजेडात तो आणखीच परका दिसत होता. तिने तो ठमाबाईच्या लुगड्यावर ठेवला. अंगठा काठावर बसला, करंगळी अलीकडेच वाकून थांबली, आणि रतनने तिथे कात्रीच्या टोकाने खूण केली. कापड घसरत होतं. तुळशीने नजर समुद्राकडे वळवली; लेक आपला हात कसा बघतेय ते बघणं तिला सोसवेना.

"हलवू नकोस," रतन म्हणाली.

"न्हाय हलवत."

कात्री चालल्याचा आवाज आला, थांबला, परत आला. बराच वेळ झाला असं वाटून तुळशीने खाली बघितलं. मधलं हातभर अंतर उरलं नव्हतं. रतनने तिची करंगळी आपल्या मुठीत धरून ठेवली होती. किती वेळापासून, कोण जाणे.