भिंतीतलं भोक

भोरच्या हायस्कुलाच्या आवारात हेडमास्तरांना राहायला जो बंगला मिळे, तो त्या काळाच्या साठ-सत्तर वर्षं आधी रस्त्याच्या कामावर आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअराने बांधला होता. भिंती हातभर जाड, छत इतकं उंच की जळमटं काढायची कुणाची छाती होत नसे. दिवाणखान्याच्या भिंतीत एक भोक होतं. छताला टांगलेल्या लाकडी, झालरीच्या पंख्याची दोरी त्यातून मागच्या ओसरीवर जाई. वारा हवा, पण तो देणारा माणूस दिसायला नको, अशी साहेबाची सोय.

ती दोरी हिर्डोशीचा गेनबा ओढायचा, पायाच्या अंगठ्याला बांधून, बहुधा झोपेत. तेहतीस सालच्या दिवाळीत वाळवीने खाल्लेला पंखा खाली आला. पंखा नाही म्हणजे गेनबाची नोकरी नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हेडमास्तर श्रीपादरावांनी, स्वभावाप्रमाणे उपाय केला. ते गप्प बसले. गेनबा रिकामी दोरी ओढत राहिला. मला त्याची भयंकर शरम वाटे. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. पौषात मुलगा झाला, तेव्हा मी ती दोरी पाळण्याला बांधली.

वैशाखात शाळेची कमिटी बंगला बघायला आली. अध्यक्ष रावसाहेबांनी भिंतींवर टकटक केली, कमानींची तारीफ केली आणि भोकापाशी थांबले.

"पंखा कुठाय?"

अण्णा चष्मा पुसू लागले.

"मग ओढणाऱ्याला पगार कसला? काढा त्याला. भोक बुजवून टाका." असं म्हणून त्यांनी स्वतःच पाळण्याची दोरी सोडली.

बाळाने टाहो फोडला. रावसाहेबांनी किल्ल्या वाजवल्या. सभासदांनी आळीपाळीने तोंडं वेडीवाकडी केली. बाळ आणखी घाबरलं.

भोकातून आवाज आला, "ताई, दोरी सुटली का?"

रावसाहेब भोकात ओरडले, "तू काय ओढतोस, माहीत तरी आहे का?"

"व्हय जी. दिवाळीत दोरी हलकी झाली, तवाच म्हनलं, पंखा गेला. मास्तर बोललं न्हाईत, म्याबी न्हाई बोललो. मग जरा जड झाली. म्हैन्या-म्हैन्याला जड व्हतीया. म्हनलं, आत कुनीतरी वाढतंय."

रावसाहेबांनी दोरी मुकाट्याने पुन्हा बांधली. पाळणा हलला, बाळ गप्प झालं. मग त्यांनी दबक्या आवाजात ठराव सांगितला: भोक हा या जुन्या बंगल्याच्या बांधणीचा महत्त्वाचा भाग असून ते दोरीसकट, माणसासकट जपावं.

कमिटी गेल्यावर मी बाळाला घेऊन मागच्या ओसरीवर गेले आणि गेनबाच्या हातात दिलं. त्याने ते तळहातांवर जरा वर-खाली करून पाहिलं.

"दोरीला लई जड लागायचं," तो म्हणाला. "हातात तर कायच न्हाई की."