हिरडीत अडकलेला ईशाचा दात

मी ईशाचा दात बोलतोय. वरचा, पुढचा, उजव्या बाजूचा. मला अजून कोणी पाहिलेलं नाही, कारण मी हिरडीच्या आतच अडकलोय.

ईशा आणि श्रुती जुळ्या, आठ वर्षांच्या. नाक तेच, केस तेच, शाळेतल्या बाई अजून फसतात. श्रुतीचा हाच दात कधीच बाहेर आला, पेरूसुद्धा चावतो. माझ्या तोंडाशी मात्र हिरडी जाड झालीय आणि डावीकडचा शेजारी माझ्या जागेवर कलत चाललाय. मला आतूनही सगळं कळतं. ईशा हल्ली तोंडावर हात धरून हसते, तेव्हा तर जास्तच कोंडल्यासारखं होतं.

तिची आजी गोदाबाई कालपर्यंत सुनेला म्हणायची, "आमच्यात कोणाचे दात असे नायत. तुझ्या माहेरचं आलंय गो हे."

सून म्हणजे रसिका, ईशाची आई. खरं काय ते तिला माहीत होतं, आणि मला.

दोन वर्षांपूर्वी श्रुतीचा दुधाचा दात पडला. तो कौलांवर फेकायला निघाली तशी ईशा रडायला लागली, "माझा पण." रसिकाने दोघींना कधी वेगळं काही दिलं नव्हतं. फ्रॉक सारखे, चपला सारख्या. ईशाचा दात नुसता जरासा हलत होता. रसिकाने त्याला दोरा बांधून ओढला. दोन्ही दात एकदमच कौलांवर गेले. माझ्यापुढची हिरडी मिटली ती मिटलीच.

काल खेडला डॉक्टरबाईंनी दोघींची तोंडं बघितली, ईशाच्या हिरडीचा एक्स-रे काढला. म्हणाल्या, "दात आहे आत. जुळ्यांचं बरंचसं रक्तातून येतं, पण सगळं नाही. हिचा दुधाचा दात आपोआप पडला की काढलात?"

सासू शेजारीच बसलेली. रसिका म्हणाली, "पडला."

"मग सहा महिने थांबून बघू."

सहा महिने. तोवर माझी जागाच उरली नसती.

दारापर्यंत जाऊन रसिका परत फिरली. "बाई, पडला नव्हता. मी ओढला. हिला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मला आपोआप पडला म्हणालीस," गोदाबाई म्हणाली.

"तुम्ही रागवाल म्हणून."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं. मग थांबायचं नाही. हिरडीला छोटी चीर देऊन वाट करू. सोमवारी या."

आज शनिवार. मी अजून आतच आहे. रसिका सारखी हिरडीवरून बोट फिरवते. आहे गो बाय, इथेच आहे. तुझ्यावर माझा राग नाही. पण जुळ्यांच्या आयांनो, एकीचा पडला म्हणून दुसरीचा ओढू नका. मुली सारख्या असल्या तरी तोंडं दोन आहेत.

ईशा विचारते, "आई, दुखेल?"

"हो," रसिका म्हणते. "थोडं दुखेल."