कंपनीची बाजू

वीज कंपनीत कायम व्हायचं तर आधी ट्रेनिंग, आणि ट्रेनिंगमध्ये कायदा हा एक विषय. इतर पोरांना तो म्हणजे जेवणानंतरची झोप. माझं तसं नव्हतं. मला नवऱ्याच्या जागेवर घेतलेलं. नापास झाले तर घरी बसायचं, आणि घरी सासूबाई, माझी चिमणी आणि मी. कमावणारं दुसरं कोणी नाही.

शिकवायला बाहेरून एक वकील यायचे. दर वाक्याला एक कलम, म्हणून पोरं त्यांना कलमसर म्हणायची. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर शिडी काढली. सगळ्यात वर राज्यघटना, तिच्याखाली कायदे, त्याखाली नियम, त्याखाली खात्याची परिपत्रकं.

“आणि साहेबाचा तोंडी हुकूम?” मी विचारलं.

“तो शिडीवर नाहीच बाई, तो जमिनीवर!”

पोरं खिदळली. मला कसलं हसू येणार? माझा नवरा तोंडी हुकमावरच खांबावर चढला होता. साहेब फोनवर म्हणाले, लाइन बंद आहे, चढ. लाइन चालू होती. हे मला त्याच्या कामावरच्या जोडीदाराने सांगितलं, पण चौकशीत तोच जोडीदार मूग गिळून बसला. आम्हाला तर चौकशीला कुणी बोलावलंसुद्धा नाही. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही, हे कलमसरांनी शिकवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तोवर निकाल लागून गेला होता. ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’

मुलगा गेला ते सासूबाईंनी कसंबसं सोसलं, पण हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. “निष्काळजी? गॅस बंद केलाय का, ते दोनदा उठून बघणारा माझा पोरगा?” त्यांचं जेवणच तुटलं. दोन घास खाऊन ताट सारायच्या. मी ट्रेनिंगहून आले की दारातच, “आज काय गं शिकवलं कायद्यात?” अहो, चप्पल तरी काढू द्या! पण त्यांची आशा कळत होती मला. सून कायदा शिकतेय, म्हणजे एक ना एक दिवस पोराच्या नावावरचा डाग पुसेल.

शेवटच्या आठवड्यात सरांनी वर्गात खोटं कोर्ट भरवायचं ठरवलं. खटला खरा, फक्त नावं काढलेली. सर वाचू लागले. एक लाइनमन, लाइन बंद असल्याचं लेखी परमिट हातात यायच्या आधी खांबावर चढला, हातमोजे नव्हते... ही वाक्यं मी निकालात वाचली होती. माझाच माणूस होता तो. सरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? कंपनीने दिलेल्या जुन्या प्रकरणांतलं एक उचललेलं.

चिठ्ठ्या टाकल्या. मला आली कंपनीची बाजू. लाइनमनची बाजू आली डुलक्याला. हा डुलक्या म्हणजे उघड्या डोळ्यांनी घोरणारा प्राणी.

“सर, बदलून द्या ना.”

“वकिलाला दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत. आणि याला मार्क आहेत, बरं का.”

खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण निकाल कंपनीचा, नोकरीही कंपनीचीच. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू? घरी मी एवढंच सांगितलं, की वर्गात ह्यांचाच खटला चालणार आहे आणि मी बोलणार आहे. कुणाच्या बाजूने, ते जिभेवर येईना.

“खोटं तर खोटं,” सासूबाई म्हणाल्या. “कुणीतरी ऐकेल तरी.” कोर्टाच्या दिवशी सकाळी माझ्या कपड्यांना त्यांनीच इस्त्री केली.

मी बोलले. मला काही घोकावं लागलं नाही, निकालातलं वाक्यन् वाक्य पाठ होतं. परमिट नव्हतं. मोजे नव्हते. नियम माहीत नव्हता ही सबब कायद्यात चालत नाही. तीन पोरं न्यायाधीश म्हणून बसली होती, ती माना हलवत होती. प्रकरणात एक ओळ होती, चढण्याआधी त्याचं ऑफिसशी फोनवर बोलणं झालं. ती मी मुद्दाम मोठ्याने वाचली. पुन्हा वाचली. डुलक्याच्या डोळ्यांत बघून वाचली. विचार रे बाबा, फोनवर कोण होतं, काय म्हणालं! एवढं एकच विचार!

डुलक्या उठला. “सर, गरीब माणूस होता. घरी बायको-मुलं असतील. दया करावी.” आणि बसला.

अरे मेल्या, दया कोण मागतंय?

निकाल लागला. ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ या वेळी दुसरी बाजू ऐकून, अगदी नियमाप्रमाणे. शब्द माझ्याच भाषणातून उचललेले. सरांनी टाळ्या वाजवल्या. “बाई, तुम्ही चुकून विजेत आलात, वकीलच व्हायचं!” सगळ्यात जास्त मार्क मला.

घरी आले तर सासूबाई दाराबाहेर उभ्या.

“काय झालं गं? जिंकलीस?”

“जिंकले, आई.”

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि तोंडावर हात धरून हमसाहमशी रडल्या. “मी म्हणत नव्हते? कुणी ऐकून घेतलं असतं तर...” मग डोळे पुसत त्यांनी चिमणीला हाक मारली. “ये गं इकडे. तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. कोर्टाने सांगितलं.”

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. “खरंच, आई?”

मी हो म्हटलं.

त्या दिवशी सासूबाई पोटभर जेवल्या. दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी वाढलं.