संकल्प सोडा

स्नेहलला चंद्राचं वेड होतं, आणि ते काही कवितेतलं वेड नव्हे. दिवसभर ती खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात लॅबमध्ये धाग्याची ताकद तपासायची, आणि पौर्णिमा आली की सिल्वासातल्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत मेणबत्त्यांचं वर्तुळ मांडून देवीला आळवायची. विक्का म्हणतात त्या पंथाला. निसर्ग मानणारा, युरोपातून आलेला. फोनवर सहा जणींचं मंडळ होतं, नाशिकची प्राजक्ता त्यांची प्रमुख. स्नेहलची आई प्रमिलाबाई मूळच्या गुहागरच्या, कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. त्या या सगळ्याला ‘तुझा चंद्र’ म्हणायच्या आणि पडदे पेटणार नाहीत एवढंच बघायच्या.

बाबा गेले तेव्हा याच मंडळानं स्नेहलला सावरलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही नाकं मुरडाल. पण वर्षभर झालं, काही म्हणजे काही जाणवेना. मेणबत्ती लावायची, आईच्या गुडघ्यांसाठी मागायचं, बढतीसाठी मागायचं, आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. नेमकं तेव्हाच प्राजक्तानं जाहीर केलं की आपण आता थकलो, येत्या पौर्णिमेपासून मंडळ स्नेहलनं चालवावं. स्नेहल विचारात पडली. आपल्यालाच जे जाणवत नाही ते बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही म्हणायचं, तर मग आपल्याकडे उरतं काय?

अशात तिला एका पुस्तकात थेलेमा नावाचा दुसरा पंथ सापडला. नाव ग्रीक, अर्थ इंग्रजीतली ‘विल’, मृत्युपत्रातली नव्हे, मनातली. दिवसातून चारदा सूर्याला वंदन करायचं आणि आपली विल ओळखून तिच्याप्रमाणे जगायचं, एवढं तिला समजलं. आता परका शब्द दिसला की आपण आधी त्याचं मराठी करणार. तिनंही केलं. विल म्हणजे मर्जी! झालं, पंधरा दिवस बाईसाहेब मर्जीनं वागल्या. शिफ्टच्या सुकदेव साहेबांना तोंडावर सांगितलं की रिपोर्ट उद्या मिळेल. संकष्टीला घरात ऑम्लेट केलं. गच्चीवर दुपारचं वंदन केलं तेही दक्षिणेकडे तोंड करून, कारण पुस्तकात तसं होतं. प्रमिलाबाई खालून ओरडल्या की अगं, ती यमाची दिशा. पंधरा दिवसांनी स्नेहलचा जीव मर्जीलाच विटला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी गत.

पौर्णिमा उजाडली. संध्याकाळी मंडळ, आणि सकाळी घरात आईचा सत्यनारायण. प्रमिलाबाईंचे गुडघे वाकत नव्हते म्हणून पाटावर स्नेहल बसली. वापीहून आलेल्या गुरुजींनी काही कुरकुर केली नाही, त्यांना पुढं खेरडीत दुसरी पूजा होती.

गुरुजींनी तिच्या उजव्या तळहातावर पाणी घातलं, अक्षता ठेवल्या आणि संकल्प सांगायला लागले. संवत्सर, ऋतू, महिना, तिथी. दमणगंगेचा तीर. चंद्र अमुक राशीत, सूर्य बरोबर समोरच्या राशीत. लहानपणापासून शंभरदा कानावरून गेलेलं. आज मात्र तिला ऐकू आलं. एवढं मोठं आकाश जागच्या जागी लावून झालं, आणि त्याच्या मधोमध तिचं नाव आलं, गोत्रासकट.

“हं, संकल्प सोडा,” गुरुजी म्हणाले.

स्नेहलनं मूठ आवळली. सगळे थांबले. प्रमिलाबाईंनी डोळे वटारले.

“गुरुजी, आत्ताच तर केला. लगेच सोडायचा?”

“मग मुठीत धरून बसणार आहेस का? संकल्प सोडायचाच असतो, बाळ. पाणी हातातून गेलं की तो लागला कामाला.”

तिनं बोटं सैल केली. पाणी ताम्हणात पडलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. फळाची हाव नसलेली विल, असं काहीसं तिनं थेलेमाच्या पुस्तकात वाचलं होतं आणि अवघड म्हणून पान उलटलं होतं. विल म्हणजे मर्जी नव्हे गं बाई, संकल्प! करायचा आणि सोडून द्यायचा. इतकी वर्षं ती नुसती मागत आली होती, आधी चंद्राकडे, मग स्वतःच्या मर्जीकडे.

आरती झाली तेव्हा बारा वाजत होते. ती तशीच रेशमी साडीत गच्चीवर गेली, पाय पोळत असताना दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली आणि हात उचलले. कारखान्यांची धुरांडी, नदीपलीकडचे डोंगर, सगळ्यावर तोच एक प्रकाश, आणि तिच्यावरही. कुणी मागितला नव्हता तरी. तिला भीती वाटली, खरंखुरं भय, देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा नेलेल्या पोराला वाटतं तसं. आणि त्या भयातच तिला इतका आनंद झाला की ती रडायला लागली. प्रसादाची वाटी घेऊन गुडघे धरत वर आलेल्या प्रमिलाबाई दारातच थांबल्या. यमाचं नाव त्यांनी काढलं नाही.

संध्याकाळी मंडळ जमायच्या आधी स्नेहलनं प्राजक्ताला फोन केला आणि सगळं सांगितलं. मंडळ चालवणार नाही, मंडळात राहणारही नाही, वाट बदलली, आता थेलेमाची. तुमच्यामुळे मी उभी राहिले हे जन्मात विसरणार नाही, असंही म्हणाली.

प्राजक्तानं विचारलं, “काय मिळणार आहे तुला तिकडे?”

“माहीत नाही, ताई. मी मागितलंच नाही काही.”

काही न मागणं आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही, असं प्राजक्ता हळूच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.