दोन निरंक

पालिकेच्या ऑफिसात आकडेवालीनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि पडद्यावरचा नकाशा मोठा केला. टेकडीवरचा भाग हिरवागार होता; साऱ्या शहरात तिथलंच पाणी सर्वांत शुद्ध. पलीकडून टेकडीवरच राहणारी वहिनी सांगत होती, की नकाशा पाहिल्यापासून पाणी उकळणं बंद केलं आणि आता बाळाचे जुलाब थांबत नाहीत.

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने,” ती म्हणाली. “आणि पाणी उकळूनच पाज.”

पालिकेची पाण्याची आकडेवारी दोन दिवसांत सर्वांसाठी खुली होणार होती. तिनं कौतुकानं नकाशा आधीच घरी पाठवला होता. अति उत्साह नडला. तिनं प्रयोगशाळेचे मूळ तक्ते उघडले. टेकडीसमोर महिनोन्महिने एकच शब्द होता: निरंक. जंतू सापडले नाहीत, लिहा निरंक. नमुनाच घेतला नाही, तरी निरंक. शब्द दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता आणि संगणकानं भाबडेपणानं दोन्हींचं शून्य केलं होतं. जिथे कोणी फिरकलंच नाही, तो भाग शहरात पहिला आला होता.

प्रयोगशाळेला फोन करकरून, तिथल्या लोकांची बोलणी खाऊन, तिनं दोन निरंक वेगळे केले. न तपासलेल्या भागांना करडा रंग दिला. नकाशा पाहून साहेबांचा चेहरा पडला. शेजारच्या शहरांचे नकाशे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हिरवे आहेत, आपलं नाक कापलं जाईल, असं ते म्हणत राहिले.

“आपण काम केलं नाही असं दिसेल.”

“केलेलं नाहीच, साहेब.”

मग तिनं बाळाचं सांगितलं. तिला राग आला होता आणि तो लपवावासा वाटला नाही. साहेबांनी चष्मा पुसून नकाशा पुन्हा पाहिला.

“हाच नकाशा लावा,” ते म्हणाले. “शिव्या मी खाईन.”

त्या त्यांनी पोटभर खाल्ल्या. पण करड्या भागांतली माणसं ऑफिसात येऊन धडकली आणि तपासणीची गाडी टेकडी चढू लागली. वहिनीच्या गल्लीत गटाराला खेटून गेलेला नळ फुटलेला सापडला. तो बदलला. बाळ कधीच बरं झालं होतं. आता गल्लीतली बाकीची पोरंही जुलाबांतून सुटली. आकडेवालीला आभाळ ठेंगणं झालं.

काही दिवसांनी हिरव्या भागातले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले.

“करड्या भागात सारखी गाडी येते. आमचाही भाग करडा करून टाका ना. तुमचं काय जातं?”

आकडेवालीनं साहेबांकडे पाहिलं. त्यांनी पडदा गृहस्थांकडे वळवला.

“गाडी पाठवतो,” साहेब म्हणाले. “पण जे तपासलंय, त्याला न तपासलेलं कसं म्हणू हो?”