पाचही वर्गांत गळती

वस्तीत सरकारी शाळा दोनच. हमरस्त्यापलीकडे चढावरची वरची आणि अलीकडची खालची. दोघींच्या मोठ्या बाई नात्याने नणंद-भावजय, त्यामुळे कोणाची शाळा सरस, हा वाद घरात जेवतानाही चालायचा.

आज मात्र शिक्षणखात्याचे साहेब निकाल लावणार होते. सहावीचा नवा वर्ग दोहोंपैकी एकाच शाळेला मिळणार होता. तो वर गेला, तर खालच्या मुलींना एकट्याने हमरस्ता ओलांडावा लागणार. मग किती आया पाठवतील? या काळजीने खालच्या शाळेच्या बाईंनी, म्हणजे वहिनींनी, सकाळपासून देवाला इतक्यांदा हाक मारली होती, की तोही कंटाळला असेल.

खालच्या शाळेतच साहेबांनी दोघींना समोर बसवलं. "वाचनात ही शाळा पुढे, गणितात वरची. पण बाई," ते वहिनींकडे वळले, "गळतीत तुम्ही फार मागे पडलात. फोनवर तुम्हीच म्हणालात, पाचही वर्गांत गळती आहे."

"आहे ना, खोटं कशाला सांगू? चौथीत तर धार लागते."

"धार?"

"बादली ठेवतो. भरली की पोरं आळीपाळीने ओततात."

नणंदेला हसू आवरेना. "अहो वहिनी, साहेब छपराचं नाही विचारत! शाळा सोडून गेलेली मुलं किती?"

"अगं बाई! मुलं कुठली गळतायत? सुट्टीच्या दिवशीसुद्धा फाटकावर लोंबकळतात!"

साहेबही खो खो हसले. मग नणंदेकडे वळून म्हणाले, "तुमची मात्र दोन गळालीत."

"गळाली कसली, वहिनींच्या बादलीत पडली! घर बदललं, तशा दोघी बहिणी यांच्याकडे आल्या."

"आल्यात खऱ्या," वहिनी म्हणाल्या. "वन्संनी गणित असं पक्कं करून पाठवलंय, की आमच्या वर्गाला त्याच शिकवतात."

"म्हणजे दोघी बरोबरीत," साहेबांनी डोकं खाजवलं. "आता ठरवू कसं?"

नणंदच म्हणाली, "सहावी इथेच द्या, साहेब. माझ्या मुलांच्या आया रोज या बाजूच्या कारखान्यात येतात, येताना हाताला धरून आणतील. इथल्या मुलींना वर कोण नेणार?"

साहेबांनी मान डोलावली. सहावी खाली, आणि आधी छपराचे पत्रे बदलायचे.

ते गेल्यावर वहिनींनी नणंदेचा हात धरला. "वन्सं, तोंडापाशी आलेला वर्ग दिलात!"

"फुकट नाही हं. सहावीचं गणित मी घेणार."

"घ्या की! पण खडू स्वतःचा आणा."

आणि नणंद-भावजय मुलींना सांगायला निघाल्या.