कोब्यावरची पोती

नव्या घराचा कोबा सोमवारी सकाळी ओतला आणि संध्याकाळी ब्रोनाची आई गेल्याचा निरोप आला.

म्हाताऱ्या फिनबारने आधीच सांगून ठेवलं होतं. "सात दिवस पोती ओली हवीत. कोबा धरला तर घर सुनेचं. फुकट गेला तर अट्रॅक्टाचं. बघू कोणाला काय जपता येतं ते."

मुलगा बोटीवर, मासेमारीला. घरात म्हातारा, सून ब्रोना आणि चाळिशीची बिनलग्नाची लेक अट्रॅक्टा. तिला ते घर हवं होतं ते म्हाताऱ्यापासून सुटायला. वीस वर्षं त्याची खाट, त्याचा खोकला, त्याचा चहा.

"वन्सं, तीन दिवस पाणी माराल?" ब्रोनाने काळा कोट चढवत विचारलं. "पोत्याखाली हात घालून बघा हं. वरून ओलीच दिसतात."

"जा गं, आईला पोचव. मी आहे ना."

मंगळवारपासून पूर्वेचा कोरडा वारा सुटला. अट्रॅक्टाने संध्याकाळची जपमाळ एकदाही चुकवली नाही. पाणी मात्र मारलं नाही. म्हातारा फेरी मारायला निघाला की तेवढे पोत्यांवर चार शिंतोडे उडवायची. गुरुवारी भर दुपारी मात्र तिने पोती बाजूला सारली आणि तापलेल्या कोब्यावर विहिरीचं गार पाणी बादलीने ओतलं. केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या बघून मग पोती पुन्हा नीट अंथरली.

ब्रोना परतली ती कोट न काढताच कोब्याकडे गेली. पोत्याखाली हात घातला. हाताला पीठ लागावं तशी पांढरी भुकटी लागली.

म्हाताऱ्याने नव्या घराच्या किल्लीने ओरखडा काढला. खोल गेला.

"मी वन्संना सांगून गेले होते, मामंजी."

"मला?" अट्रॅक्टा मायेने म्हणाली. "दुःखात माणसाला काय बोललो ते आठवत नाही गं."



"तुझी आई आठवडाभर थांबली असती," म्हातारा सुनेला म्हणाला. "मेलेल्या बाईला कुठे जायची घाई होती?"

 हातावरची भुकटी ब्रोनाने काळ्या कोटाला पुसली आणि बॅग न उघडताच परत बसथांब्याकडे निघाली.

अट्रॅक्टाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. म्हाताऱ्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"घर तुझं," तो खोकत म्हणाला. "छप्पर झालं की माझी खाट आत घे. चुलीजवळ. आणि हे रोज झाडायचं, बरं का. ही धूळ आता जन्मभर निघणार."